वरच्या नळाची फिर्याद

पेशकारचाचांनी आयुष्यात कुणाच्या दाराची कडी वाजवली नाही. गल्लीत मधोमध उभं राहायचं, टोपी सरळ करायची, मान जरा मागे न्यायची आणि पुकारा करायचा : "शरद वल्द माधवराव हाजिर हैऽऽ?" शरद म्हणजे मी, आणि वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, कोर्टात पक्षकारांना पुकारतात तसं. असं तीनदा. आतून "हाजिर!" आलं तर चाचा आत. नाही आलं तर "गैरहाजिर!" असं साऱ्या बेगमपुऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करून चाचा माघारी. मग हातात काहीही असो. एका ईदला मी न्हाणीघरात होतो, तोंडभर साबण होता, आणि बाहेर शीरखुर्म्याचं भांडं घेऊन चाचांचा तिसरा पुकारा सुरू झाला होता. साबण गिळून मी "हाजिर!" असा जो टाहो फोडला, तो ऐकून कोपऱ्यावरचा पानवाला मदतीला धावत आला.

नाव मोईनोद्दीन, पण ते कुणाच्या लक्षातच नसायचं. उभी हयात जिल्हा कोर्टात पेशकारी केली. पेशकार म्हणजे न्यायाधीशांच्या टेबलाशेजारी बसून मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, पुढे सरकवणारा, तारखा देणारा माणूस. न्यायाधीश आले नि गेले, चाचा तिथंच. निवृत्त झाल्यावर कोर्ट त्यांच्याबरोबर घरी राहायला आलं. गल्लीतल्या एका शेळीवर कुणाचातरी कढीपत्ता खाल्ल्याचा आळ होता, तेव्हा चाचांनी तिच्यापुढे कढीपत्ता आणि कोथिंबीर शेजारी शेजारी ठेवून रीतसर ओळखपरेड घेतली. शेळीनं दोन्हींकडे पाठ फिरवली आणि चाचांच्या खांद्यावरचा रुमाल खाल्ला. "संशयाचा फायदा," चाचा म्हणाले, आणि शेळी सुटली.

त्यांचं एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं रुळलं होतं. "भांडण तापलं ना बेटा, फैसला नक्को, तारीख दे. तारखेपर्यंत निम्मं भांडण आपोआप मरतं." आम्ही हसायचो. कोर्टाच्या तारखा काय असतात ते अख्ख्या देशाला ठाऊक आहे. चाचा मात्र ते हसत म्हणायचे नाहीत.

त्यामागं कारण होतं. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा चाचा मिसरूड फुटलेले उमेदवार होते, कोर्टात नुकतेच चिकटलेले. त्याच धामधुमीत त्यांच्या मोठ्या भावाचं वडिलांशी कुठल्याशा शब्दावरून बिनसलं. एका सकाळी त्यानं पेटी उचलली आणि थेट कराची गाठली. तो परत आला नाही. "पुढच्या जुम्म्यापर्यंत थांबा, एवढं जरी कोणी बोललं असतं तर भाईजान गेले नसते," चाचा सांगायचे. पुढं कोर्टात उर्दूची जागा हळूहळू मराठीनं घेतली, आणि चाचांची नोकरी जाते की काय अशी पाळी आली. तेव्हा आमच्या वडिलांनी त्यांना गच्चीवर बसवून बाराखडी शिकवली. सगळी अक्षरं आली, फक्त 'ळ' आला नाही. नळाला ते अखेरपर्यंत 'नल'च म्हणायचे. त्या शिकवणीपायी ये-जा सोपी व्हावी म्हणून आमच्या आणि त्यांच्या गच्चीमधली भिंत वडिलांनी गुडघ्याएवढीच ठेवली होती. ती आजही तेवढीच आहे. चाचा ती ओलांडून आले की मात्र पुकारा माफ असायचा. गच्चीचा मार्ग हा घरचाच मार्ग, असा त्यांचा कायदा होता.

तर आता मूळ खटला.

आमच्या घरात खाली दादा आणि वहिनी, वर मी आणि माझी बायको शैला. न्हाणीघरं दोन, स्वयंपाकघर एक, खालचं. शहरात नव्यानं सोलर बसायला लागले होते तेव्हा दादानं हौसेनं गच्चीवर एक बसवून घेतला. काळ्या काचेची पाटी, तिच्या डोक्यावर गरम पाण्याची टाकी, आणि तिथून दोन्ही न्हाणीघरांत नळ. त्या दिवाळीत दोन्ही मजल्यांवर वाफाळत्या पाण्यानं अभ्यंगस्नानं झाली. वहिनींनी सोलरला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात शैला बाळंतपणाला माहेरी, पैठणला गेली. ती नव्हती तेवढे महिने मी अंघोळ खालीच उरकायचो, कारण तिथून वहिनींचा चहा जवळ. वरच्या नळाकडं कुणी फिरकलंही नाही. ऐन थंडीत शैला तान्ह्या मुलीला घेऊन परत आली, पहिल्याच सकाळी बाळाच्या अंघोळीसाठी तिनं वरचा नळ सोडला, आणि नळ खोकला. मग थुंकला. मग करंगळीएवढी धार आली, तीही बर्फासारखी गार. त्याच वेळी खाली वहिनींच्या न्हाणीघरातून वाफेचे ढग बाहेर पडत होते.

गंमत बघा. टाकी गच्चीवर, म्हणजे आमच्या न्हाणीघराच्या अगदी डोक्यावर. जवळच्याला थेंब नाही आणि लांबच्याला धो धो! प्लंबरला बोलावलं. त्यानं चार चाव्या पिळल्या, वर एक आणि खाली एक असे दोन चहा घेतले, "उंचीचा प्रॉब्लेम आहे," असं दोन्ही मजल्यांवर सांगितलं आणि गेला.

बायकांनी आपापला निष्कर्ष काढला. "गोदावरीकाठची लेक मी," शैला म्हणाली, "आणि इथं माझ्या पोरीला तांब्याभर ऊन पाणी मिळंना! खाली पहाटेपासून बादल्यांवर बादल्या उपसल्या तर वर काय येणार?"

वहिनी वैजापूरच्या. जीभ तिखट, डोळे लगेच भरणारे. "मी काय पाणी रांजणात भरून ठेवते व्हय? वर नाय येत त्याला मी काय करू? लई झालं बाई. खालून नेत जा म्हणावं पाणी."

"भीक म्हणून?" शैला जिन्यातूनच म्हणाली.

त्यानंतर दोघींमधलं बोलणं थांबलं आणि सगळा व्यवहार आमच्या तीन महिन्यांच्या मुलीमार्फत होऊ लागला. "सांग गं तुझ्या काकूला, वरणात मीठ नाही." "सांग गं तुझ्या आईला, हात आहेत, घालून घे." मुलगी बिचारी बोळकं पसरून दोन्हीकडं हसायची. दादा पेपरात तोंड खुपसून बसायचा आणि मी जिन्यात. शेवटी शैलानं सिडकोत भाड्याचा फ्लॅट पाहिला. मला सांगितला तो पाहून झाल्यावर.

चाचांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते भिंत ओलांडून आले नाहीत. गल्लीत जाऊन, टोपी घालून, पुकारा करून आले. म्हणजे प्रकरण त्यांनी दाखल करून घेतलं होतं.

"फिर्यादी वरचा नल," जिन्याच्या पायरीवर बसकण मारत ते म्हणाले. "मुलजिम कोण, ते अजून ठरलेलं नाही. ठरलेलं नाही, तोवर कोणी कोणाकडं बोट नक्को दाखवू. हुकूम असा : उद्या सकाली आधी वर अंघोल होईल. तोवर खालचा नल बंद."

"आणि गुपचूप सोडला तर?" शैला.

"सील लागेल!"

आणि खरंच लागलं. चाचांनी खालच्या नळाला फडकं गुंडाळलं, गाठीवर वहिनींच्याच परातीतला कणकेचा गोळा थापला आणि त्यावर आपल्या अंगठीचा ठसा उमटवला. वहिनी पदर तोंडाला लावून बघत होत्या. आपल्याच कणकेनं आपलाच नळ बंद होताना बघण्याची वेळ कुणावर येऊ नये.

सकाळी वरचा नळ खोकला, थुंकला आणि गारच राहिला. आणि खाली पाहावं तर सील तुटलेलं! फडकं एकीकडं, कणीक एकीकडं.

"बघितलंत?" शैलानं एवढंच म्हटलं.

"मी हात बी लावला नाय!" वहिनी ओरडल्या आणि मोरीतच खाली बसल्या. त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वर स्टोव्ह पेटला. एका घरात दोन ठिकाणी भात शिजला.

मी शेजारी जाऊन चाचांना सांगितलं, "चाचा, आता राहू द्या. रविवारी संध्याकाळी फ्लॅटचं पक्कं करून येतो."

ते म्हणाले, "संध्याकाली ना? मग सकालची तारीख मला दे."

रविवारी सकाळी गच्चीवर कोर्ट भरलं. सतरंजीवर एका टोकाला शैला मुलीला मांडीवर घेऊन, दुसऱ्या टोकाला वहिनी पाठ करून, मधे आम्ही दोघं भाऊ. प्लंबरलाही साक्षीसाठी बोलावून घेतलं होतं. चाचांनी खिशातून रुमालात बांधलेली ती वाळकी कणीक काढली.

"यह देखिये. कणकेवर पांढरं काय आहे?"

आम्ही वाकलो. वाळलेला फेस होता.

"दाढीचा साबण," चाचा म्हणाले. "आता वहिनीसाहेब दाढी करत नाहीत, असं मी मानून चालतो."

सगळ्यांच्या माना दादाकडं वळल्या. दादा आधी लाल झाला, मग म्हणाला, "ऑफिसला उशीर होत होता. गार पाण्यानं दाढी करू का थंडीत?"

"आन् मी चार दिस रडतेय ते दिसंना व्हय तुम्हाला?" वहिनी गरकन वळल्या. त्यांच्या नजरेतून दादा वाचला हे त्याचं नशीब. शैलाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण तिनं ते आवरलं. "सील भाऊजींनी तोडलं, मान्य. पण पाणी? ते आजही वर नाहीच. मी संध्याकाळी सिडकोला जाणार."

चाचांनी कणीक परत रुमालात बांधली. गच्चीवर नुसतं ऊन होतं. आपण फार तोडून बोललो असं वाटून, विषय बदलायचा म्हणून, शैलानं समोर बोट केलं. आमच्या गच्चीवरून जुन्या नहरीचा बंबा दिसतो. शेकडो वर्षांपूर्वी डोंगराकडून जमिनीखालून शहरात पाणी आणलं, त्या वाटेवर मधूनमधून उभे केलेले हे विटा-चुन्याचे उंच खांब. "काय हो चाचा, पाणी न्यायचं जमिनीखालून, मग मधेच हा खांब आभाळात कशाला?"

चाचांचा चेहरा उजळला. हा त्यांचा लाडका विषय. "बेटी, पाणी एकटं चालत नाही. त्याच्यासोबत हवा चालते. नलीत हवा कोंडली ना, की पाणी जागच्या जागी अडतं. मागून कितीही जोर लावा. म्हणून त्या लोकांनी बंबे बांधले. पाणी आतून वर चढतं, तोंड उघडं असतं, हवा निघून जाते, पाणी पुढं. बंबा पाण्यासाठी नाही, सांस घेण्यासाठी आहे. बाप सांगायचे माझे, ज्यानं बंब्याचं तोंड बंद केलं त्यानं..."

आणि चाचा थांबले.

त्यांचा हात हवेत होता तिथंच राहिला. नजर बंब्यावरून हळूहळू खाली, अलीकडं, आमच्या सोलरच्या टाकीवर आली. टाकीच्या माथ्यातून एक बारीक लोखंडी नळी वर गेलेली होती, गार पाण्याच्या टाकीहूनही उंच, आणि तिचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वाकून चाचांच्या गच्चीकडं झुकलेलं होतं. चाचांनी त्या नळीकडं पाहिलं. मग आपल्या हाताकडं पाहिलं. उठले, भिंत ओलांडली आणि आपल्या घरात निघून गेले.

"चक्कर आली का काय त्यांना?" वहिनी घाबरून म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट शैलाकडं बघून म्हणाल्या.

आम्ही उठणार, तेवढ्यात खालून, गल्लीतून, पुकारा आला. नेहमीपेक्षा मोठा.

"मोईनोद्दीन वल्द करीमोद्दीन हाजिर हैऽऽ?"

आम्ही कठड्यावरून वाकलो. चाचा गल्लीत उभे होते. कोर्टातली जुनी काळी शेरवानी, टोपी, सगळा सरंजाम. दुसरा पुकारा झाला. पानवाला दुकान सोडून बाहेर आला. तिसरा पुकारा झाला. मग चाचा एक पाऊल बाजूला सरकले, जिथं ते मघाशी उभे होते तिकडं तोंड केलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "हाजिर."

वर येऊन ते सतरंजीवर बसले नाहीत. टाकीशेजारी, आरोपीच्या जागी, हात बांधून उभे राहिले.

"शैलाबेटी माहेरी होती तेव्हाची गोष्ट आहे," त्यांनी जबानी सुरू केली. "दुपारी ऊन तापलं की या नलीतून पाणी टपकायचं. टप, टप, माझ्या गच्चीवर. आपल्याकडं पाणी येतं एक दिवसाआड. बायका हंडे घेऊन उभ्या असतात. आणि इथं पाणी वाया! मला बघवलं नाही. मी विचारलं का कोणाला? नाही. सुनवाई घेतली? नाही. लाकडाची खुंटी घासली, चिंधी गुंडालली आणि बूच मारून दिलं. वर शाबासकी पण दिली, मीच, मला." त्यांनी वरच्या नळीकडं बोट केलं. "बंब्याचं तोंड मी बंद केलं. मग अडीच महिने गल्लीला बंब्याच्या गोष्टी सांगत फिरलो."

त्यांना गप्प बसता आलं असतं. रात्री हळूच खुंटी उपटली असती तर सकाळी पाणी आलं असतं, आणि चाचांची कीर्ती आणखी वाढली असती. पण मग वहिनींवरचा संशय तसाच राहिला असता, हे त्यांना पेशकारीनं शिकवलं होतं. त्यांनी वहिनींकडं पाहून हात जोडले. "बेटी, तू बेकसूर आहेस. हे चार लोकांसमोर सांगायचं होतं, म्हणून शेरवानी घातली."

वहिनी रडायला लागल्या. शैलाही. प्लंबर खुंटी उपटायला पुढं झाला, तर चाचांनी त्याला अडवलं. "गुन्हा माझा, हात पण माझा." स्टुलावर चढून त्यांनी खुंटी पिळून ओढली. नळीनं जो सुस्कारा सोडला म्हणता! फुस्सऽऽ करत दीड मिनिट हवाच हवा. "बघा," प्लंबर आता अधिकारानं म्हणाला, "पाणी तापलं की त्यातनं हवा सुटते. ती इथं कोंडली. खालच्या नळाला पाण्याचं वजन जास्त, तो हवेला रेटून पाणी ओढायचा. वरचा जवळ, पण जोर नाही, म्हणून हवेपुढं हरायचा."

"उंचीचा प्रॉब्लेम!" दादा म्हणाला, आणि प्लंबरनं ते ऐकलंच नाही.

शैला मुलीला माझ्याकडं देऊन वरच्या न्हाणीघरात धावली. नळ खोकला, थुंकला, परत खोकला. आम्ही सगळे दाराशी. आणि मग भसकन जी धार सुटली, तिच्यातून वाफ निघाली. शैलानं हात पुढं केला आणि थबकली. मागं वळून म्हणाली, "वहिनी, आधी तुम्ही."

वहिनींनी हात घातला आणि किंचाळल्या, "अगं बया, भाजलं की!" आणि दोघी अशा हसत सुटल्या की माझ्या हातातली मुलगी दचकून रडायला लागली. तिला त्याच पाण्यानं अंघोळ घातली. दोघींनी मिळून, आणि एकमेकींना सतत सूचना देत. सिडकोच्या फ्लॅटचं त्या संध्याकाळी कुणाच्या लक्षातही आलं नाही. स्टोव्ह माळ्यावर गेला.

निकाल बाकी होता. चाचांनी तो स्वतःच वाचून दाखवला. "मोईनोद्दीनला सजा अशी की, दर जुम्म्याला त्यानं या नलीचं तोंड तपासावं. हवा अडता कामा नये. पण पाणी पण वाया जाता कामा नये, हे कोर्ट विसरलेलं नाही." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या अंगणातला मोगरा कुंडीत लावून आणला आणि नळीच्या तोंडाखाली, बरोबर थेंब पडेल तिथं, ठेवून दिला.

ही सजा चाचांनी जन्मभर भोगली. शुक्रवारी भिंत ओलांडून यायचे, नळीत डोकावायचे, मोगऱ्याची पानं पुसायचे, मग एका जुम्म्याला वर आणि एका जुम्म्याला खाली चहा घ्यायचे. आमच्या घरात पुढंही भांडणं झाली, काही चांगली कडक. पण आवाज चढला की कुणीतरी म्हणायचं, "तारीख घ्या, तारीख," आणि प्रकरण शुक्रवारवर जायचं. शुक्रवारपर्यंत ते खरोखरच निम्मं मेलेलं असायचं. उरलेलं निम्मं चाचा चहात बुडवून खायचे.

चाचा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. जुम्म्याच्याच सकाळी, झोपेत. दफनविधीहून आम्ही दोघं भाऊ परत आलो तेव्हा शैला आणि वहिनी गच्चीवर होत्या. एक स्टूल धरून उभी, दुसरी वर चढून नळीच्या तोंडात बोट घालून बघत होती. "तपासायला नको का आज?" वहिनी म्हणाल्या.

सोलर मधे दोनदा बदलला. नळी तशीच उंच ठेवायला लावतो. मोगरा कुंडीत मावेना तेव्हा पिंपात लावला. दुपारी ऊन चढलं, टाकी तापली, की आत कोंडलेली हवा नळीतून वर येते आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असा आवाज होतो : खुळुक्. मागोमाग मोगऱ्यावर थेंब पडतात. वहिनी आता सत्तरीला टेकल्या, गुडघे धरलेत, जिना चढत नाहीत. पण तो आवाज आला की खालच्या स्वयंपाकघरातून, भाजी निवडता निवडता, मान वर करून हाक देतात :

"हाजिर!"